पेटी घ्या, पुस्तिका बाजूला ठेवा: ओमाहा शिकण्यासाठी ३०० चिप्सचा सेट

ठाण्यात गोखले रोडला किंवा वाशीला सेक्टर १७ मध्ये खेळण्यांच्या मोठ्या दुकानात ‘पोकर सेट आहे का’ असं विचारलं की वरच्या फळीवरून एक चंदेरी पेटी खाली येते. आत ३०० चिप्स, पत्त्यांचे दोन कॅट, ‘डीलर’ लिहिलेली पांढरी चकती, पाच फासे आणि एक इंग्रजी पुस्तिका. पेटीवर नाव कुठलंही असो, आतला माल बहुतेक एकाच साच्यातला. म्हणून नावाच्या भानगडीत न पडता इथे मालाबद्दलच लिहिलंय. तपासायचं होतं एवढंच: तीन पत्ती आणि रमी येणाऱ्या, पण पोकर कधीच न खेळलेल्या सहा जणांना या पेटीवर ओमाहा हा पोकरचा प्रकार शिकता येईल का? चिप्सच्या जोरावर येईल. पुस्तिकेच्या जोरावर नाही. ती वाचून शिकलेला गडी पहिल्याच रात्री टेबलावर भांडण लावेल.

पैसे लावायचा बेत असेल तर पेटीकडे फिरकूच नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांची पोकर अ‍ॅप्स बंद झाली. क्लबहाऊसमध्ये किंवा रिकाम्या फ्लॅटमध्ये पैशांचा अड्डा चालवला तर त्याला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. चिप्स मोजून द्यायच्या, रात्री मोजून परत पेटीत ठेवायच्या. खेळाची मजा त्याने तसूभरही कमी होत नाही.

आधी चिप्स. व्यास ३९ मिमी, एकीचं वजन ११.५ ग्रॅम, आत धातूची चकती आणि वरून प्लास्टिक. दुकानदार ‘क्ले’ म्हणतो, म्हणू दे. माती त्यात नावालाही नाही. वजन खरं आहे का ते बघायला २० चिप्सची चवड काट्यावर ठेवा, २३० ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. पावणेदोनशेच भरली तर आतली चकती पातळ आहे, आणि असल्या चिप्स टेबलावर टाकल्या की उभ्या घरंगळत थेट सोफ्याखाली जातात. कडेवरून नख फिरवून पाहा. साच्याची कुसळं राहिली असतील तर चवड वाकडी उभी राहते आणि पॉट (डावात मध्ये जमलेल्या चिप्स) मोजताना कोसळते. आपल्याकडच्या पेटीत शंभरातल्या चार-पाच चिप्सना अशी कुसळं निघतात. नेलकटरच्या कानशीने दोन मिनिटांत साफ होतात.

या चिप्सवर आकडे छापलेले नसतात. बऱ्याच जणांना ते खटकतं, पण शिकणाऱ्यांसाठी ते बरंच. रंग असे असतात: पांढऱ्या १००, आणि लाल, हिरव्या, निळ्या, काळ्या प्रत्येकी ५०. पांढरी ५, लाल २५, हिरवी १००, निळी ५०० धरा. सहा जणांना प्रत्येकी हिरव्या ८, लाल ६, पांढऱ्या १० द्या. झाले बरोबर १०००. ब्लाइंड (पत्ते वाटायच्या आधी दोघांनी टाकायच्या चिप्स) ५ आणि १० ठेवले की प्रत्येकाकडे मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट माल येतो, आणि ओमाहाला एवढा लागतोच. निळ्या आणि काळ्या पेटीतच राहू द्यात. कुणी संपला तर दोन निळ्या देऊन पुन्हा बसवायचा, सुट्टे बाकीच्यांकडून. पिवळ्या बल्बखाली निळी आणि काळी ओळखू येत नाही, हा या सेटचा खरा दोष आहे. पांढरी ट्यूबलाइट लावा, नाहीतर काळ्या बाहेरच काढू नका.

पत्त्यांचे दोन्ही कॅट मात्र सरळ बदलून टाका. कागदावर प्लास्टिकचा मुलामा दिलेले हे पत्ते जुलै-ऑगस्टच्या ठाण्यातल्या दमट हवेत आठवडाभरात फुगतात, एकमेकांना चिकटतात. एकाच्या जागी दोन पत्ते गेले तर तीन पत्तीत डाव फुकट जातो. ओमाहात तर प्रत्येकाला चार-चार वाटायचे असतात, म्हणजे ही चूक जास्त वेळा होणार. शिवाय हे कॅट पोकरच्या मापाचे, ६३ मिमी रुंद. होल्डेम या पोकरच्या दुसऱ्या प्रकारात हातात दोनच पत्ते, तिथे रुंदी चालते. चार पत्ते टेबलावरून हलकेच कोपरा उचलून बघायचे तर ५७ मिमीचे अरुंद कॅट हाताला बरे पडतात. पूर्ण प्लास्टिकचे, पाठीचा रंग वेगळा असलेले दोन कॅट घ्या; ओल्या फडक्याने पुसता येतात. जोकर काढून टाकायला विसरू नका. रमीच्या सवयीने ते आत राहतात आणि नेमके फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडायच्या पहिल्या तीन पत्त्यांत, उगवतात.

पिसण्याबद्दलही एक गोष्ट. घरोघरी पत्ते हातात धरून वरचे खाली, खालचे वर असे पिसतात. त्याने मागच्या डावातले गठ्ठे जसेच्या तसे राहतात. आधी सगळा कॅट टेबलावर उलटा पसरून दोन्ही हातांनी गोल गोल कालवा, मग दोन भाग करून कडा एकमेकांत गुंतवत सात वेळा पिसा. सात हा आकडा बेयर आणि डायाकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये मांडला होता. एका कॅटवर डाव चालू असताना दुसरा कुणीतरी पिसत बसला की वेळ वाचतो; पेटीत दोन कॅट देण्यामागचा हेतू तोच. तळाचा पत्ता दिसू नये म्हणून खाली लावायचं प्लास्टिकचं कार्ड या सेटमध्ये नसतं. जुनं मेट्रो कार्ड किंवा कुठलंही बाद झालेलं एटीएम कार्ड त्या कामाला चालतं.

आता पुस्तिका. १६ पानं, त्यातली बहुतेक होल्डेमवर, ओमाहाला अर्धं पान. त्याचा मथितार्थ असा: खेळ होल्डेमसारखाच, फक्त हातात दोनऐवजी चार पत्ते, नऊ पत्त्यांतून सर्वोत्तम पाच निवडा. शेवटचं वाक्य साफ चूक आहे, आणि सगळा ओमाहा त्या चुकीच्या वाक्याच्या पलीकडे सुरू होतो.

नियम असा: हातातले दोनच पत्ते, बोर्डावरचे, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पाचांतले, तीनच. दोनपेक्षा कमी नाही, जास्त नाही. होल्डेममध्ये हातातला एकही पत्ता न घेता बोर्डावरच्या पाचांवर खेळता येतं, एक घेऊनही चालतं. इथे ती मुभा नाही. हातातल्या चारांतून दोन निवडायचे सहा मार्ग, बोर्डाच्या पाचांतून तीन निवडायचे दहा. म्हणजे प्रत्येकाला साठ हात तपासायचे आहेत. नवशिका माणूस साठ तपासत नाही, तो एकसष्टावा शोधून काढतो, जो नियमात बसतच नाही.

एक डाव उघडा मांडून बघा. बोर्डावर इस्पिकचा राजा, इस्पिक नव्वी, इस्पिक चव्वी, बदाम नव्वी आणि शेवटी इस्पिक दुर्री. हातात इस्पिक एक्का, बदाम एक्का, किलवर गुलाम, चौकट दश्शी. तीन पत्तीवाला लगेच म्हणतो, चार इस्पिक बोर्डावर, एक्का माझ्याकडे, कलर झाला. नाही झाला. हातातून दोन इस्पिक लागतात, आहे एकच. त्याचा खरा हात म्हणजे दोन एक्के आणि दोन नव्व्या, सोबत राजा. समोरच्याकडे इस्पिक सत्ती आणि इस्पिक छक्की असतील तर त्याचा राजा-नव्वी-सत्ती-छक्की-चव्वीचा कलर होतो आणि पॉट त्याचा. हातात इस्पिकचा एक्का धरून माणूस हरतो आणि मग म्हणतो, नियम मध्येच बदलला.

दुसरा डाव याहून चक्रावणारा. बोर्डावर तीन राजे आणि दोन सत्त्या. होल्डेम असतं तर फुल हाऊस (तीन सारखे आणि दोन सारखे) सगळ्यांचाच. ओमाहात एकाकडे एक्का, राणी, गुलाम, दश्शी असेल तर त्याच्याकडे तीन राजे, एक्का, राणी, एवढंच. ज्याच्याकडे एक्का आणि एक सत्ती आहे तोही तीन राजांवरच अडकतो, कारण सत्ती घेतली तर दुसरा पत्ताही हातातूनच घ्यावा लागतो. आणि ज्याने बिचाऱ्याने तिर्रीची जोड धरून ठेवलीय त्याचा तीन राजे, दोन तिर्रींचा फुल हाऊस होतो. तो दोघांनाही हरवतो. हा एक डाव मांडून दाखवला की ‘दोनच’ हा शब्द पुन्हा समजवावा लागत नाही.

सिक्वेन्सलाही तीच गंमत. बोर्डावर पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी आणि राणी. हातात नुसती नव्वी असून उपयोग नाही. पण नव्वीसोबत दश्शी असेल तर छक्की ते दश्शी लागतो. नव्वीसोबत अठ्ठी असेल तरी चालतं: हातातली अठ्ठी-नव्वी, बोर्डावरची पंजी, छक्की, सत्ती. बोर्डावर अठ्ठी असताना हातातली अठ्ठी कशाला, असं म्हणून लोक हा लागलेला हात टाकून देतात. पुस्तिकेत याचं एकही उदाहरण नाही.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात आणि त्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवण्यासारख्या आहेत. बोर्डावर एकाच रंगाचे तीन पत्ते नसतील तर कुणाचाच कलर होऊ शकत नाही. बोर्डावर जोड नसेल तर कुणाचाच फुल हाऊस नाही, चार सारखेही नाहीत. समोरचा कितीही छाती काढून बसला असला तरी.

हातात चार एक्के आले तर नवशिका उडी मारतो. त्यातले दोनच वापरता येतात, आणि उरलेले दोन बोर्डावर यायची वाट त्यानेच बंद केलेली असते. चारही पत्ते एकाच रंगाचे आले तरी तेच. कलर पुरा करणारे दोन पत्ते स्वतःच दाबून बसायचं. दोन रंगांत दोन-दोन, आणि चारही एकमेकांच्या जवळचे, असा हात चांगला. गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की हातात आणि फ्लॉपवर नव्वी, अठ्ठी, दुर्री आले तर पुढच्या पत्त्यावर २० पत्ते सिक्वेन्स लावतात: चार राण्या, चार पंज्या, आणि गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की यांच्या उरलेल्या तीन-तीन. न दिसलेले पत्ते ४५, दोन पत्ते यायचे बाकी, म्हणजे सुमारे ७० टक्के वेळा सिक्वेन्स लागतो. होल्डेममध्ये दोन्ही टोकं उघडी असली तरी आठच पत्ते कामाचे असतात. म्हणूनच ओमाहात लोक फ्लॉपवरच पेटतात, आणि म्हणूनच त्याला पॉट-लिमिटचं, म्हणजे पॉटच्या हिशेबापलीकडे चाल न वाढवण्याचं, कुंपण घातलेलं आहे.

तीन पत्तीची सवय इथे कुठे कुठे पाय ओढते, त्याबद्दलही पुस्तिका गप्प. ती भारतीय घरांसाठी लिहिलेलीच नाही. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. याला कारण आहे. तीन पत्त्यांच्या २२,१०० हातांत कलर १,०९६ आणि सिक्वेन्स ७२०. पाच पत्त्यांच्या २५,९८,९६० हातांत कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००. जे दुर्मीळ ते वर. (तीन पत्तीत मात्र ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८, तरी ट्रेलच वर, तिथे परंपरेने गणितावर मात केलीय.) पोकरमध्ये प्युअर सिक्वेन्स सगळ्यांच्या वर, चार सारख्यांच्याही. एक्का-दुर्री-तिर्री घराघरांत दुसऱ्या नंबरचा सिक्वेन्स मानतात. पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सर्वांत लहान. आणि ‘ब्लाइंड’ हा शब्द तर पहिल्याच मिनिटाला घोळ घालतो. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं, इथे पत्ते वाटायच्या आधी दोघांनी सक्तीने टाकायच्या चिप्स. बूटचीच ही सख्खी बहीण, फक्त सगळ्यांऐवजी दोघांवर पडते. असं सांगितलं की पटकन कळतं.

वाटण्याची पद्धत पुस्तिकेत बरी दिलीय, तिथे फार तक्रार नाही. डीलरच्या डाव्या हाताचा छोटा ब्लाइंड, त्याच्या पुढचा मोठा. छोट्या ब्लाइंडपासून एकेक करत चार फेऱ्या. पहिली चाल मोठ्या ब्लाइंडच्या पुढच्याची; फ्लॉपनंतर मात्र डीलरच्या डावीकडून जो पहिला शिल्लक असेल त्याची. फ्लॉपचे तीन, टर्नचा एक, रिव्हरचा एक, आणि प्रत्येकाआधी वरचा एक पत्ता न बघता बाजूला. सहा जणांना ३२ पत्ते पुरतात. पुस्तिकेत राहिलेल्या गोष्टी अशा: दोघंच उरले तर डीलरच छोटा ब्लाइंड टाकतो. आणि पत्ते उचलायच्या आधी प्रत्येकाने चारच आहेत ना ते बोटाने सरकवून मोजायचे. चाली पडल्यावर कुणाकडे पाच किंवा तीन निघाले तर तो हात बाद.

पॉट-लिमिटचं पान मात्र पुन्हा दिशाभूल करणारं. ‘जास्तीत जास्त पॉटएवढी चाल’ असं लिहून पुस्तिका मोकळी झालीय. पॉट कुठला? आधी समोरच्याची चाल भरायची, ती धरून जेवढा पॉट होईल तेवढी वाढवता येते. ब्लाइंड ५ आणि १०, मध्ये १५. पहिला माणूस १० भरतो, पॉट २५. म्हणून तो आणखी २५ वाढवू शकतो, एकूण ३५. पुढच्याला पॉट दिसतो ५०, पण त्याची मर्यादा ५० नाही. ३५ भरले की पॉट ८५, वर ८५ वाढवता येतात, एकूण १२०. तोंडी हिशेब सोपा: शेवटच्या चालीची तिप्पट, अधिक त्या चालीआधी मध्ये जे होतं ते. ३५ चे तिप्पट १०५, अधिक १५. फ्लॉपवर १०० पडलेत, एकाने ६० टाकले, पुढचा जास्तीत जास्त १८० अधिक १००, म्हणजे २८० टाकू शकतो. हा हिशेब एकाच माणसाकडे द्या. सहा जण एकदम मोजायला लागले की डाव राहतो बाजूला आणि बेरजेचा वर्ग भरतो.

शिकवायचा क्रम म्हणून पहिले दहा डाव चाली न लावता, सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून खेळा. शेवटी प्रत्येकाने आपले दोन पत्ते पुढे सरकवायचे आणि दोन उलटे करायचे. तोंडाने ‘कलर’ म्हणणं चालणार नाही, पत्ते सरकवूनच दाखवायचं. अर्ध्या तासात नऊपैकी पाच निवडायची सवय मोडते. मग पुढचे दहा डाव ठरावीक १० च्या चालीने, आणि त्यानंतरच पॉट-लिमिट. पहिल्याच डावापासून पॉट-लिमिट लावलं तर दोघं जण पाऊण तासात रिकामे होतात आणि मोबाइल काढून बसतात.

हाय-लोचा परिच्छेद पुस्तिकेत ओमाहाच्या त्याच अर्ध्या पानात कोंबलाय. पहिल्या महिन्यात तिकडे वळू नका. नंतर शिकायचं झालं तर एवढं पुरे: पॉट दोन भागांत, वरच्या हाताला अर्धा, खालच्या हाताला अर्धा. खालचा हात अठ्ठी किंवा त्याहून लहान पाच वेगवेगळ्या पत्त्यांचा, एक्का लहान धरायचा, सिक्वेन्स-कलर आड येत नाहीत. बोर्डावर असे तीन वेगवेगळे लहान पत्ते नसतील तर खालचा हात कुणाचाच नाही आणि पूर्ण पॉट वरच्याचा. इथेही दोनच हातातले, पण वरसाठी एक जोडी आणि खालसाठी दुसरी घेता येते. फसवणूक कुठे होते बघा: हातात एक्का-दुर्री, बोर्डावर तिर्री, सत्ती, अठ्ठी, सगळं छान चाललंय, आणि रिव्हरला दुसरी दुर्री येते. तुमचा हात तोच राहतो, अठ्ठी-सत्ती-तिर्री-दुर्री-एक्का. पण एक्का-चव्वी धरणाऱ्याला बोर्डावरची दुर्री मिळाली आणि त्याचा सत्तीवरचा हात पुढे गेला.

पेटीबद्दल उरलेलं. ३०० चिप्सच साडेतीन किलोला थोड्या कमी भरतात. पेटी धरून चारच्या पुढे. मूठ पातळ पत्र्याची, दोन रिव्हेटवर. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये गर्दीच्या वेळी मुठीला धरून लटकवत नेली तर रिव्हेट सैल होतात. काखेत धरा नाहीतर पिशवीत टाका. कड्या दोन्ही बंद करूनच उचला, एकीवर भरवसा ठेवला तर चिप्स प्लॅटफॉर्मभर होतात. आतला फोम पातळ आहे, रांगांच्या खाचा सैल असतात, तिथे जाड पुठ्ठ्याची पट्टी घातली की खुळखुळ थांबते.

५०० चिप्सचा मोठा सेट घ्यायचा मोह टाळा. सहा जणांना वर सांगितलेल्या वाटणीत १४४ चिप्स लागतात. आठ-नऊ जणांचं टेबल रोज जमणार असेल तरच मोठा. चार ग्रॅमच्या पोकळ प्लास्टिक चिप्सचा स्वस्त डबा मात्र नको, त्या पंख्याच्या वाऱ्यानेही सरकतात.

दुकानात पेटी उघडून घ्या, सील आहे म्हणून ऐकू नका. रंगागणिक चिप्स मोजा, डीलरची चकती आहे का बघा, दोन्ही कड्या चार वेळा उघडझाप करा. कॅट तसेच फासे नकोत, तेवढे पैसे कमी करा, असं सांगून पाहा. कुणी करत नाही. पण फासे घरी येऊ देत, पोकरमध्ये त्यांना काही काम नसलं तरी सापशिडीतला हरवलेला फासा भरून निघतो.